बाद फेरीपूर्वीच बाद

मांडव आपला, वाजंत्री आपली, आणि बोहल्यावर उभे राहणारे मात्र सर्वस्वी परके, असा एक सोहळा 2022 सालच्या आरंभी महाराष्ट्रात पार पडला. आशियाई स्त्रियांच्या फुटबॉल अजिंक्यपदाच्या स्पर्धेचे यजमानपद त्या वर्षी भारताकडे होते. नेरूळचे डी. वाय. पाटील क्रीडांगण, अंधेरीचे क्रीडासंकुल आणि पुण्याची बालेवाडी या तीन ठिकाणी बारा राष्ट्रांचे संघ 20 जानेवारी ते 6 फेब्रुवारी या काळात खेळण्यास आले. बारांतून आठ बाद फेरीस गेले, आठांतून चार उपांत्य फेरीस आणि चारांतून दोन अंतिम सामन्यास. या उतरत्या गणितात यजमानाचे नाव कोठेच आढळत नाही. या गोष्टीस आता काही वर्षे लोटली असून ती विसरून जाण्याची आपल्या समाजाची तयारीही पूर्ण झालेली दिसते. म्हणूनच ती पुनश्च उकरून काढण्याचे अप्रिय काम आम्ही येथे हाती घेत आहो.

आमचे म्हणणे प्रथमच स्पष्ट सांगतो. बाद फेरीत जाणारा संघ तेथे जाण्यापूर्वी दहा-पंधरा वर्षे तयार होत असतो, आणि तो भव्य क्रीडांगणांत नव्हे, तर गावोगावच्या शाळांच्या धुळीच्या पटांगणांत तयार होतो. मुंबईहून पुण्यास जाणाऱ्या लोहमार्गावर कल्याणच्या पुढे उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही तीन नगरे लागतात. त्यांपैकी एखाद्या नगरातील बारा वर्षांच्या मुलीस चेंडू खेळावयास जागा, वेळ आणि घरची परवानगी या तीन गोष्टी एकाच वेळी मिळतात काय, या प्रश्नाच्या उत्तरात आपल्या राष्ट्रीय संघाचे भवितव्य सामावलेले आहे. उत्तर नकारार्थी असेल, तर नेरूळास आणखी दहा स्पर्धा भरविल्या तरी आपण दुसऱ्यांच्या विजयाचे मांडववालेच राहणार.

त्या बाद फेरीत आपल्या अंगणात काय घडले, ते आधी पाहू. 30 जानेवारीस ऑस्ट्रेलियाचा बलाढ्य संघ दक्षिण कोरियापुढे उभा होता. सॅम कर ही ऑस्ट्रेलियाची खेळाडू या स्पर्धेत सर्वाधिक, म्हणजे सात गोल करणारी ठरली. परंतु त्या दिवशी सामना संपण्यास तीन मिनिटे उरली असता कोरियाच्या जी सो-युन हिने केलेल्या एका गोलाने ऑस्ट्रेलियास घरी पाठविले. त्याच फेरीत फिलिपाइन्सच्या मुलींनी चायनीज तैपेईस पेनल्टीवर हरविले आणि आपल्या देशास प्रथमच विश्वचषकाचे दार उघडून दिले. 3 फेब्रुवारीस चीनने जपानविरुद्ध दोन वेळा पिछाडी भरून काढली, त्यांतील दुसरी तर जादा वेळाच्या अगदी शेवटी, आणि मग पेनल्टीवर सामना जिंकला. जपान हा त्यापूर्वीच्या दोन्ही स्पर्धांचा विजेता होता. 6 फेब्रुवारीस नेरूळला अंतिम सामन्यात कोरियाने मध्यंतरापर्यंत चीनवर दोन गोल चढविले होते. उत्तरार्धात चीनने दोन्ही फेडले आणि निर्धारित नव्वद मिनिटे सरल्यावर तिसऱ्या जादा मिनिटास शाओ युयी हिने विजयाचा गोल केला. चीनच्या संघाची मार्गदर्शिका श्वे किंगशिया ही स्वतः एकेकाळची खेळाडू, म्हणजे एक स्त्रीच होती, हेही येथे नमूद केले पाहिजे. इतके रोमहर्षक नाट्य आपल्या भूमीवर घडले, आणि आपल्या घरांतून त्याची वार्ताही फारशी पोहोचली नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो दैवाचा. आक्षेपक म्हणतात, आपला संघ हरला कोठे? 20 जानेवारीस इराणशी त्याची बरोबरी झाली. नंतर महासाथीने संघात शिरकाव केला, 23 जानेवारीस चायनीज तैपेईविरुद्ध आवश्यक ते तेरा खेळाडू उभे करता आले नाहीत, नियमानुसार संघाने माघार घेतली असे धरले गेले आणि झालेला सामनाही रद्दबातल ठरला. यात मुलींचा काय दोष? आम्हीही म्हणतो, मुलींचा तिळमात्र दोष नाही. वर्षानुवर्षे ज्या दिवसाची वाट पाहिली तो दिवस विलगीकरणाच्या खोलीत घालवावा लागला, त्यांचे दुःख शब्दांपलीकडचे आहे. परंतु दैवावर हवाला ठेवणारांनी तीन गोष्टींचे उत्तर द्यावे. व्हिएतनामच्या संघालाही याच रोगाने स्पर्धेपूर्वी ग्रासले होते. तरी तो बाद फेरीत गेला आणि पुढे पात्रतेचे सामने जिंकून विश्वचषकासही गेला. त्याच वर्षी सप्टेंबरात काठमांडू येथे दक्षिण आशियाई स्पर्धा झाली. 2010 पासून झालेल्या पाचही स्पर्धा भारताने जिंकल्या होत्या. या वेळी उपांत्य फेरीत नेपाळने आपणास हरविले. आणि ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक पुनः आपल्याच देशात भरला, तेव्हा आपल्या मुली अमेरिकेकडून आठ, मोरोक्कोकडून तीन आणि ब्राझीलकडून पाच गोल पत्करून एकही गोल न करता परतल्या. काठमांडूस आणि भुवनेश्वरास दैवाने आपणास काय केले होते? तेथे दैव आडवे आले नव्हते. आडवा आला होता तो पायाचा अभाव.

दुसरा आक्षेप अधिक चतुर आहे, आणि तो बहुधा यजमानपद मिरविणारांच्या तोंडून ऐकू येतो. मोठे सामने येथे झाले म्हणजे आपल्या मुली ते पाहतील, पाहून त्यांना स्फूर्ती होईल, आणि स्फूर्तीतून खेळ वाढेल, अशी ही साखळी. साखळीची पहिली कडीच निखळलेली आहे. 2022 च्या जानेवारीत राज्य शासनाच्या निर्बंधांमुळे क्रीडास्पर्धांस प्रेक्षकांची मनाई होती; तेव्हा रिकाम्या सज्जांस स्फूर्ती झाली असल्यास न कळे. पण प्रेक्षकांचे दार उघडे असते तरी काय झाले असते, याचाही पडताळा आपल्याजवळ आहे. 2017 साली सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक येथे होणार होता, तेव्हा 15 सप्टेंबर रोजी महाराष्ट्रात एकाच दिवशी दहा लाख मुलामुलींनी फुटबॉल खेळावा अशी मोहीम शासनाने काढली. शाळांना चेंडू वाटले गेले, छायाचित्रे निघाली, उत्साहाला भरती आली. सोळा सप्टेंबरला काय झाले, हे मात्र कोणी विचारले नाही. एक दिवस जेवू घालून तीनशे चौसष्ट दिवसांचे पोट भरत नाही, हे आपण अन्नाच्या बाबतीत जाणतो. खेळाच्या बाबतीत ते विसरण्यास आपणास अडचण पडत नाही.

स्फूर्ती हा धान्याचा दाणा आहे खरा. परंतु दाण्यास आधी नांगरलेली जमीन लागते. ती कशी नांगरावी हे शिकण्यास युरोप-अमेरिकेकडे पाहण्याचे कारण नाही. शेजारच्या बांगलादेशाकडे पाहावे. तेथे 2011 साली प्राथमिक शाळांतील मुलींसाठी देशव्यापी फुटबॉल स्पर्धा सुरू झाली. शाळेपासून गावगटापर्यंत, तेथून उपजिल्हा, जिल्हा, विभाग आणि अखेर राजधानीपर्यंत अशा तिच्या पायऱ्या. मैमनसिंह जिल्ह्यातील कलसिंदूर या खेड्यातील सरकारी प्राथमिक शाळेत एका शिक्षकाने मुलींना शाळा सुटल्यावर नित्यनेमाने खेळविण्यास आरंभ केला. मुली गरिबाघरच्या, पायांत बूट नाहीत, शेजाऱ्यापाजाऱ्यांची नापसंती आहे. त्या एका शाळेतून पुढे राष्ट्रीय संघास अनेक खेळाडू मिळाल्या. 19 सप्टेंबर 2022 रोजी काठमांडूच्या अंतिम सामन्यात बांगलादेशाने नेपाळला 3-1 असे हरवून दक्षिण आशियाचे अजिंक्यपद प्रथमच मिळविले, 2024 साली ते पुनः राखले, आणि 2025 च्या जुलैत आशियाई स्पर्धेच्या अंतिम टप्प्यासही प्रथमच पात्रता मिळविली. तेथे सारा समाज अनुकूल होता असे कोणी समजू नये. 2025 च्या जानेवारीतच जयपुरहाट जिल्ह्यात मुलींचा सामना होऊ नये म्हणून जमावाने मैदानाची मोडतोड केली होती. विरोध तेथेही आहे. फरक इतकाच की तेथे विरोधाच्या आधी सवय लागली होती, आणि एकदा हजारो मुली खेळू लागल्या म्हणजे साऱ्यांना घरी बसविणे कोणत्याही जमावाच्या आवाक्यात राहत नाही. काठमांडूचा अंतिम सामना कलसिंदूरच्या पटांगणात अकरा वर्षे आधीच सुरू झाला होता, हे ज्यास दिसत नाही त्यास खेळाचे मर्म कळलेले नाही.

फिलिपाइन्सचे उदाहरण कोणी उलट दाखवील; कारण त्या संघातील पुष्कळ मुली अमेरिकेत वाढलेल्या होत्या. पण त्यावरून निष्कर्ष हाच निघतो, की पाया परदेशात घातला गेला असला तरी तो घातला गेलेला होता. पायावाचून कळस उभारल्याचे उदाहरण कोणी दाखवील तर आम्ही हे सर्व म्हणणे मागे घेऊ.

तिसरा आक्षेप आपल्याच घरातून येतो. आपल्या मुलींची शरीरप्रकृती, आपले संस्कार, आपले हवामान यांना असले धसमुसळे खेळ मानवत नाहीत, असे म्हणणारे सद्गृहस्थ अद्यापि आहेत. त्यांना आम्ही त्याच नेरूळच्या क्रीडांगणावर परत नेतो. 30 ऑक्टोबर 2025 रोजी तेथे स्त्रियांच्या विश्वचषक क्रिकेटच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाने 338 धावा केल्या, आणि मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्ज हिने नाबाद 127 धावा काढून त्या ओलांडून दाखविल्या. 2 नोव्हेंबरास अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून भारताने तो चषक प्रथमच जिंकला. त्या संघाची सलामीची फलंदाज स्मृती मानधना आपल्या सांगलीची. मैदान तेच, हवामान तेच, संस्कारही तेच. मग बाद फेरीत एक संघ सिंहासनावर आणि दुसरा दाराबाहेर, हे का? कारण क्रिकेटच्या मुलींकरिता पायऱ्या बांधल्या गेल्या. 2006 साली स्त्रियांचे क्रिकेट मुख्य मंडळाच्या छत्राखाली आले, 2005 आणि 2017 असे दोन अंतिम सामने हरूनही प्रवास थांबला नाही, 2022 साली आंतरराष्ट्रीय सामन्यांचे मानधन पुरुषांइतके करण्याचे ठरले आणि 2023 पासून स्त्रियांची स्वतंत्र लीग सुरू झाली. हे सर्व उशिरा झाले, अपुरे झाले, पण झाले. फुटबॉलची घडण याच काळात कशी झाली, हे 2022 च्या ऑगस्टात आंतरराष्ट्रीय संघटनेने आपल्या राष्ट्रीय महासंघास बाह्य हस्तक्षेपाच्या कारणाने अकरा दिवस निलंबित केले, या एकाच गोष्टीवरून वाचकांनी ताडावे. तरीही आपल्या मुली हटल्या नाहीत. जुलै 2025 मध्ये थायलंडला त्याच्याच भूमीवर 2-1 असे हरवून त्यांनी आशियाई स्पर्धेत प्रथमच पात्रताफेरी जिंकून प्रवेश मिळविला. त्या विजयी संघातल्या मुली बहुतांशी मणिपूर, बंगाल, तामिळनाडू, हरियाणा अशा प्रांतांतून येतात. ज्या महाराष्ट्राने स्पर्धांचे मांडव घातले, त्याने खेळाडू किती दिल्या, हा प्रश्न आपण स्वतःस विचारला पाहिजे.

तो विचारावयाचा तर कल्याणच्या पुढील या तीन नगरांत विचारावा. उल्हासनगर हे फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या लष्करी छावणीतून उभे राहिलेले शहर. हाती काही नसता उद्योगधंद्याचे जाळे विणणाऱ्या त्या लोकांच्या जिद्दीस तोड नाही. पण अवघ्या तेरा चौरस किलोमीटरांत 2011 च्या जनगणनेप्रमाणे पाच लाखांवर माणसे राहत होती, आणि तेथील बेकायदा इमारती नियमित करण्यासाठी 2006 साली या एका शहरापुरता स्वतंत्र कायदा करावा लागला. घर वाचविण्यास कायदा झाला, हे माणुसकीस धरून झाले. खेळाचे मैदान वाचविण्यास मात्र तशी घाई कोणासच सुचली नाही. अंबरनाथला अकराव्या शतकातील शिवमंदिर आहे, कारखान्यांची परंपरा आहे, 2011 च्या जनगणनेप्रमाणे अडीच लाखांची वस्ती होती. बदलापूर तर 2001 ते 2011 या दहा वर्षांत लाखाच्या आतून पावणेदोन लाखांवर गेले, आणि त्यानंतरची वाढ डोळ्यांनी दिसतेच आहे. नव्या इमारतींच्या जाहिरातींत पोहण्याचा तलाव असतो, व्यायामशाळा असते. ज्यावर अकरा विरुद्ध अकरा मुली खेळू शकतील असे मैदान कोणत्याही जाहिरातीत नसते. जेथे सार्वजनिक मैदान आहे तेथे आज सभा, उद्या प्रदर्शन, परवा लग्नाचा मांडव. आणि जो दिवस मोकळा सापडतो त्या दिवशी ते मुलांच्या क्रिकेटने पहाटेपासून व्यापलेले असते. मुलगी तेथे जाईल ती कडेने, घाईने, शिकवणीच्या वाटेवर.

येथे बदलापूरविषयी एक गंभीर गोष्ट बोलणे प्राप्त आहे. ऑगस्ट 2024 मध्ये त्या नगरातील एका शाळेत अगदी लहान मुलींवर अत्याचार झाला, आणि 20 ऑगस्टला संतप्त नागरिकांनी कित्येक तास रेल्वे रोखून धरली. तो संताप न्याय्य होता. परंतु संताप ओसरल्यावर घरोघर जो निर्णय झाला तो कोणता? मुलीने शाळा सुटताच सरळ घरी यावे. आईबापांची भीती आम्ही क्षुद्र लेखत नाही. मुलीचा बाप होणे म्हणजे काय, हे सांगावयास कोणी नको. पण या निर्णयाचा अर्थ असा होतो, की अपराध दुसऱ्याने केला आणि कोंडवाड्याची शिक्षा मुलीस झाली. शिवाय तो निर्णय सुरक्षिततेच्या दृष्टीनेही उफराटा आहे. असले अत्याचार बंद दाराआड, एकांतात, देखरेखीच्या अभावी होतात. पंचवीस मुली उघड्या मैदानावर खेळत आहेत, दोन शिक्षिका शिट्टी घेऊन उभ्या आहेत, कडेला चार आया बसल्या आहेत, अशा जागेहून सुरक्षित जागा गावात दुसरी कोणती? आणि संघात खेळणारी मुलगी मोठ्याने हाक मारण्यास, नाही म्हणण्यास, शेजारणीच्या मदतीस धावण्यास शिकते. भिंतींनी जे रक्षण होत नाही ते पुष्कळदा या शिक्षणाने होते.

शालेय स्पर्धांच्या पद्धतीविषयीही दोन शब्द सांगणे अवश्य आहे. आपल्याकडे शाळाशाळांतील सामने बहुधा बाद पद्धतीने उरकले जातात. कोठल्याशा शाळेत स्पर्धेच्या आठ दिवस आधी मुलींचा संघ गोळा करतात, तो पहिला सामना खेळतो, हरतो, आणि त्या वर्षाचा फुटबॉल संपतो. ज्या मुलीस खेळण्याची सर्वांत अधिक आवश्यकता, तीच सर्वांत आधी घरी जाते. बाद फेरी ही तयार झालेल्यांची परीक्षा आहे. तयार होणारांची ती शाळा नव्हे. पोहावयास शिकणाऱ्यास पहिल्याच दिवशी पुरात लोटून जो तरला तो पोहणारा, असे म्हणण्यासारखा हा प्रकार आहे. लहान मुलींना साखळी सामने पाहिजेत. हरले तरी पुढल्या शनिवारी पुनः खेळावयाचे आहे, हा भरवसा त्यांना मिळाला पाहिजे.

म्हणून आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. उल्हासनगर महानगरपालिका आणि अंबरनाथ व बदलापूरच्या नगरपरिषदा यांनी प्रत्येकी निदान एक मैदान आठवड्यातील तीन संध्याकाळी केवळ मुलींसाठी राखून ठेवावे आणि ते राखण केवळ फलकावर न ठेवता पाळावे. त्या मैदानाजवळ मुलींसाठी स्वच्छ शौचालय व कपडे बदलण्याची खोली असावी. या एका उणिवेने जितक्या मुली खेळ सोडतात तितक्या दुखापतीने सोडीत नसतील. तिन्ही नगरांतील शाळांनी मिळून मुलींची साखळी स्पर्धा पावसाळा सरल्यापासून वार्षिक परीक्षेपर्यंत चालवावी. तिला मोठे पाहुणे, स्मृतिचिन्हे आणि भाषणे नसली तरी चालेल. किंबहुना नसलेलीच बरी. नेरूळच्या एका रात्रीच्या रोषणाईपुढे या सर्वांचा खर्च किरकोळ ठरेल.

पण नगरपालिकांस दोष देऊन आमचे वाचक स्वस्थ बसणार असतील, तर तेही आम्हास मान्य नाही. जागा नगरपालिका देईल, वेळ शाळा देईल; परवानगी मात्र घरातूनच मिळावयाची आहे, आणि ती रोखून धरणारे बहुधा आपणच, म्हणजे शिकलेली, वाचणारी, मुलीच्या शिक्षणाचा अभिमान बाळगणारी मध्यमवर्गीय कुटुंबे. दहाव्या वर्षापर्यंत जिचे धावणे कौतुकाचे, तिला बाराव्या वर्षी उन्हाची, रंगाची, गुणांची आणि लोकांच्या बोलण्याची भीती घातली जाते. सातवीपासून शिकवणी, आठवीपासून दुसरी शिकवणी, आणि दहावी म्हणजे तर वर्षभराचे सुतकच. कलसिंदूरच्या मजूर बापाने जे धाडस केले ते पदवीधर बापास होऊ नये, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. क्रिकेटचा चषक जिंकल्याच्या रात्री ज्यांनी दूरदर्शनपुढे डोळे पुसले, त्यांनी दुसऱ्या दिवशी आपल्या मुलीच्या हाती काय दिले? चेंडू, की शिकवणीचे वेळापत्रक?

पुढेही मोठ्या स्पर्धा येतील, मांडव घातले जातील आणि यजमानपदाचा गौरव होईल. त्याला आमची हरकत नाही. परंतु ज्या दिवशी उपांत्य फेरीतील संघांत आपले नाव नसेल, त्या दिवशी मार्गदर्शक, महासंघ, महासाथ वा नशीब यांच्या नावाने बोटे मोडण्यापूर्वी आपण एवढेच आठवावे, की त्या संघात जी मुलगी असावयास हवी होती तिला बारा वर्षांची असताना संध्याकाळी साडेपाच वाजता घरात बोलावून घेणारे आपणच होतो.